पेंढ्यातला शिवदास

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. फोटो काढणारा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्यासमोर उभं राहून केस नीट करू नका, मला त्यातलं काही कळत नाही. मी राहतो एका भारी गाडीच्या पुढच्या काचेच्या आत, आरशाच्या मागे, काडेपेटीएवढ्या जागेत. माझं काम एकच, रस्त्याकडे बघत राहायचं. समोर माणूस आला, म्हैस आली, दुसरी गाडी आली की गाडीच्या मेंदूला सांगायचं. खाली बंपरच्या मागे माझा एक सोबती आहे, रडार. त्याला दिसत नाही, पण समोर काहीतरी आहे आणि ते किती लांब आहे हे त्याला बरोबर कळतं. ते काय आहे, हे मी सांगायचं. आमचं दोघांचं एकमत झालं की मेंदू ब्रेक लावतो आणि गाडी आपोआप थांबते.

आणि एकमत नाही झालं तर? तेच सांगायला बसलोय. शिवदास नावाच्या एका भल्या माणसाचा जीव एका दुपारी आमच्या एकमतावर टांगला होता, आणि त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता.

माझा जन्म लांबच्या एका थंड देशात झाला. कारखाना असा लखलखीत की धुळीचा कण आत यायला घाबरायचा. तिथे माझं शिक्षण झालं. शिक्षण कसलं, नुसती चित्रं! चालणारी माणसं, धावणारी माणसं, छत्री घेतलेली, बाबागाडी ढकलणारी, बर्फात कानटोपी घालून निघालेली. हा माणूस, हा कुत्रा, हे झाड, असं मी सगळं घोकलं. पाठांतरात मी पहिला होतो, तुमच्यातल्या काही जणांसारखा. पण पुस्तकाबाहेरचा प्रश्न आला की पाठांतरवाल्याची जी गत होते, तीच माझी. माझ्या शिक्षकांना हे ठाऊक होतं. त्यांनी ते लपवलंही नव्हतं.

मग गाडीत बसून, गाडी बोटीत बसून, मी न्हावा शेव्याला उतरलो. बापरे, ते ऊन! पहिले काही क्षण मला नुसता पांढरा उजेड दिसला. पुढे शोरूममध्ये आलो तेव्हा लोक माझ्याबद्दल ऐकून तोंडात बोटं घालायचे. गाडी आपली आपण थांबते, आपली आपण पट्ट्यांच्या मधून चालते, काय सांगता! तिथल्या सोनल नावाच्या मुलीने मितेशशेठना गाडीची चावी देताना स्वच्छ सांगितलं होतं, की हे सगळं मदतीला आहे, लक्ष मात्र चालवणाऱ्याचंच पाहिजे. शेठ तेव्हा फोनवर बोलत होते. त्यांनी मान हलवली.

मितेशशेठचा मुंबईत टाइल्सचा धंदा आणि अलिबागच्या बाजूला वाडीत बंगला. शनिवार आला की शेठ आणि त्यांची बायको भाविकाभाभी बोटीने मांडव्याला उतरायचे. गाडी बंगल्यावरच असायची आणि ती सांभाळायला ड्रायव्हर शिवदास. हा जवळच्याच गावचा, घरी भातशेती, बायको केसर. माणूस मोठा हौशी. समुद्राचा वारा खारा, त्यामुळे सकाळी काचेवर मिठाचा पापुद्रा धरलेला असायचा. शिवदास मऊ फडकं ओलं करून आधी माझ्यासमोरची काच पुसायचा आणि मग बाकीची गाडी. पुसून झालं की म्हणायचा, "बग आता नीट, बाबा." असं कुणी रोज बोललं की माया लागतेच. मला लागली.

सगळं नीट चाललं होतं आणि शेठना एक दिवस पाहुण्यांसमोर माझा खेळ करून दाखवायची लहर आली. त्यांनी शिवदासला बंगल्याच्या फाटकासमोर उभं केलं आणि पाय वर उचलून गाडी त्याच्या अंगावर सोडली. शिवदासने डोळे गच्च मिटले. मला समोर माणूस दिसला, शर्टपँटमधला, दोन हात दोन पाय, अगदी पुस्तकातल्यासारखा. रडार म्हणाला आहे, मी म्हणालो माणूस आहे, गाडी थांबली. टाळ्या झाल्या. शिवदासने डोळे उघडले आणि त्या दिवसापासून तो पार बदलला.

गावभर त्याने माझी कीर्ती केली. शेठच्या गाडीला घाबरायचं न्हाय, ती अंगावर येतच न्हाय, असं तो पारावर, दुकानात, लग्नात सांगत सुटला. त्याचा दोस्त नामा मुद्दाम आमच्या समोरून डुलत डुलत रस्ता ओलांडायचा आणि हसायचा. हळूहळू अख्खं गाव आमच्या गाडीला बाजूला व्हायचं विसरलं. दुसरी कुठली गाडी आली की लोक मुकाट कडेला व्हायचे, आमची आली की रस्त्याच्या मधून चालायचे. मान होता तो, मला कळत होतं. पण मला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्यांना कुठे माहीत होतं? दुपार कलली की या रस्त्याला सूर्य समोरून डोळ्यांत येतो, तेव्हा मला अर्धंच दिसतं. बारीक दोरी मला दिसत नाही. मी जमेल तेव्हा पीं पीं करून ओरडायचो. पण कोकणातला अरुंद रस्ता, घडीघडीला काहीतरी आडवं यायचं, त्या आवाजाने शेठ वैतागले. एकदा त्यांनी बटण दाबून माझा आवाज अगदी बारीक करून टाकला. झालं, आता ओरडायचीही सोय राहिली नाही.

या सगळ्यांत माझ्यावर विश्वास न ठेवणारी एकच होती, भाविकाभाभी. मुंबईत ती कधी गाडी चालवायची नाही, इथे शिवदासने तिला शिकवलं. त्याचा पहिला धडा होता, काहीही होवो, पाय ब्रेकच्या वर धरायचा. मजा बघा, शिकवणारा स्वतः माझ्या नादी लागून तो धडा विसरला आणि शिकणारीने मात्र तो धरून ठेवला. गाडी आपली आपण चाललेली असतानाही तिचा पाय ब्रेकच्या वर अधांतरी असायचा. शेठ तिची खूप टिंगल करायचे. म्हणायचे, एवढे पैसे मोजून घेतलेली गाडी आणि तू तिला बैलगाडीसारखी हाकतेस. मलाही तेव्हा थोडा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

मग शिमगा आला. शिमग्यात आमच्याकडे गावोगावी रस्त्यावर दोर आडवा धरतात आणि गाड्या अडवून पोस्त मागतात. पोस्त म्हणजे सणाची खुशी, ज्याला जे जमेल ते त्याने द्यावं. दोराच्या पुढे सोंगं नाचतात. शिवदासच्या घरचं सोंग अस्वलाचं, त्याच्या बापापासून चालत आलेलं. भाताच्या पेंढ्याच्या वेण्या वळायच्या, त्या पायापासून डोक्यापर्यंत गुंडाळायच्या, बघायला दोन भोकं ठेवायची. वेण्या केसर वळायची. एकदा चढवलेलं सोंग होळीच्या माळावर नेल्याशिवाय उतरवायचं नाही, असा रिवाज. शिवदासने त्या दिवसाची सुट्टी आधीच मागून घेतली होती. सकाळी गाडी मांडव्याला नेऊन ठेवली, माझी काच पुसली आणि उड्या मारत घरी गेला.

दुपार कलताना शेठ आणि भाभी बोटीतून उतरले. शेठना धंद्याचे फोन चालूच होते, म्हणून भाभी स्टिअरिंगवर बसली. शेठनी शेजारून हात लांब करून गाडीने आपली आपण चालावं असा वेग ठरवून दिला आणि म्हणाले की आज तरी तो पाय खाली ठेव. ती नको म्हणाली. ते चिडले. बोलाबोली वाढली आणि शेवटी भाभीने कंटाळून पाय मागे घेतला आणि सीटखाली दुमडला. शिवदासच्या गावाचं वळण आलं. सूर्य अगदी समोर होता.

वळणापलीकडे शिमग्याचा ढोल-सनईचा खालूबाजा जोरात वाजत होता. मला रस्त्याच्या दोन कडांना दोन माणसं दिसली. कडेला होती, म्हणून त्यांची काळजी नव्हती. त्यांच्या हातातला दोर उन्हात मला दिसलाच नाही. मधोमध काहीतरी पिवळं होतं. ढीग होता, पेंढ्याचा. या रस्त्याने पेंढा भरलेले टेम्पो जातात आणि त्यातून पेंढा पडतो, हे मी हजारदा पाहिलं होतं. खालून रडार म्हणाला, "समोर काहीतरी आहे."

मेंदूने मला विचारलं, काय आहे? मी जे दिसलं ते सांगितलं, पेंढा. मेंदू म्हणाला, पेंढ्यासाठी कुणी ब्रेक लावत नाही. गाडी होती त्या वेगात पुढे निघाली.

त्या ढिगाच्या आत शिवदास होता, मित्रांनो. ज्याने सकाळी माझी काच पुसली होती तोच. त्याने लांबून आपली गाडी ओळखली होती, म्हणून तर तो इतर गाड्यांना हटतो तसा हटला नाही, उलट दोन पावलं पुढे आला. ढिगाने दोन हात वर केले. हात वर केलेली माणसं मी पाहिली होती, पण या हातांना बोटं नव्हती, याला मान नव्हती, याला चेहरा नव्हता. रडार ओरडत राहिला, आहे, आहे, आहे! मी बघत राहिलो, बघत राहिलो आणि पेंढा जवळ आला.

तेवढ्यात गाडीचं नाक खाली गेलं. टायर किंचाळले. शेठचा फोन हातातून उडून पुढच्या काचेवर आपटला. गाडी थांबली तेव्हा अस्वलाच्या पोटाचा पेंढा आमच्या जाळीत घुसला होता आणि दोर बॉनेटवर पडला होता.

ब्रेक आम्ही लावला नव्हता. भाभीने सीटखालचा पाय झटक्यात पुढे घेऊन लावला होता. तिला कुणी पेंढ्यातला माणूस चित्रात दाखवला नव्हता. पण शिमगा आहे, बाजा वाजतोय, म्हणजे त्या पेंढ्यात कुणीतरी आहे, हे तिला एका नजरेत कळलं.

आता खरी भीती पुढेच होती. कारण घाबरलं कोणीच नाही! बाजा थांबला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. शिवदासने पेंढ्याच्या हाताने बॉनेट थोपटलं आणि मला शाबासकी दिली. शेठ खिडकीतून मान काढून म्हणाले, बघितलंत, आपोआप थांबली! नामाने मोबाइल वर केला. त्याचं शूटिंग राहून गेलं होतं, म्हणून पुन्हा एकदा व्हायला हवं होतं. सगळेच मागे लागले, पुन्हा एकदा. शिवदासही गाडी मागे घ्या म्हणून हात हलवू लागला. आणि मी? मला तोंड नाही. मी पाहत होतो की हा माणूस हसत हसत पुन्हा त्याच जागी उभा राहायला निघालाय. असली शाबासकी कुणाच्या वाट्याला न येवो.

भाभीने गाडी बंद केली आणि खाली उतरली.

"गाडी थांबली नाही, शिवदासभाई," ती म्हणाली. "मी थांबवली."

शेठ हसले. म्हणाले, तू घाबरून दाबला असशील, पण तू नसता दाबला तरी ती थांबणारच होती. शिवदासलाही ते पटलं. पेंढ्यातून त्याचा आवाज आला, "भाभी, ती थांबतेच. मी सोता उभा ऱ्हायलोय तिच्याम्होरं." लोकांनी माना डोलावल्या. भाभी एकटी पडली. ती खरं बोलतेय हे सांगणारा तिथे मीच एक होतो आणि माझा काही उपयोग नव्हता.

मग ती म्हणाली, सोंग उतरवा. माळावर न नेता सोंग उतरवायचं म्हणजे भलतंच. म्हातारी माणसं कुजबुजायला लागली. तेवढ्यात गर्दीतून केसर पुढे आली. ती कडेलाच उभी होती, नवरा आणि बॉनेट यांच्यात किती जागा उरली होती ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने नवऱ्याच्या गळ्याजवळची गाठ सोडली. वेण्या उलगडत गेल्या. आतून घामाने निथळलेला शिवदास बाहेर आला, थोडासा ओशाळलेला.

भाभीने दोन बांबू मागवले. रस्त्याच्या मधोमध ते दगडांच्या आधाराने उभे करून त्यांना पेंढ्याच्या वेण्या गुंडाळल्या. पुन्हा अस्वल उभं राहिलं, फक्त आत कोणी नव्हतं. ती शेठना म्हणाली, आता तुम्ही चालवा, पाय वर घेऊन. शेठ ऐटीत बसले. सगळे कडेला झाले. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. मित्रांनो, मला खरंच वाटत होतं की या वेळी तरी मला कळावं. पण समोर पेंढा होता आणि मी पेंढाच सांगितला. गाडी सरळ गेली. बांबू कडाड मोडले, अस्वल बॉनेटखाली गेलं आणि वेण्यांचे तुकडे माझ्या काचेवर येऊन चिकटले.

बाजा थांबला.

शेठ गाडीतून उतरले, त्यांनी मागे पाहिलं, रुमालाने कपाळ पुसलं. मग म्हणाले, "आत माणूस नव्हता ना, म्हणून नाही थांबली. माणूस असता तर थांबली असती."

बोलणं बिनतोड होतं. लोक पुन्हा माना डोलावू लागले. आणि शिवदास, भोळा शंकर, तोही म्हणाला की शेठ बोलतात त्येही खरं हाय. तो खाली वाकला आणि पेंढा गोळा करू लागला. पुन्हा अंगावर चढवायला! केसरने त्याचा दंड धरला, तर त्याने तो हलकेच सोडवून घेतला.

भाभीने त्याच्या हातातला पेंढा काढून घेतला. ती शेठसमोर गेली आणि तो त्यांच्यापुढे धरला.

"मग आत तुम्ही उभे राहा," ती म्हणाली. "मी गाडी आणते. पाय वर ठेवून."

शेठ पेंढ्याकडे बघत राहिले. ते हसायला गेले, पण हसू मध्येच राहिलं. गाडीत त्यांचा फोन वाजायला लागला, वाजून बंद झाला. सगळं गाव त्यांच्या हाताकडे बघत होतं आणि हात काही वर आला नाही.

शिवदासही बघत होता. आधी त्याने शेठकडे पाहिलं, मग त्यांच्या खाली राहिलेल्या हाताकडे, मग काचेतून माझ्याकडे. आणि तो रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसला. केसर त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ती रडत होती. नामाने मोबाइल खिशात टाकला.

त्यानंतर बरेच दिवस गाडी बंगल्याच्या शेडमध्ये कापडाखाली पडून होती. माझ्या काचेवर मीठ चढलं, पेंढ्याची एक काडी वाळून तशीच चिकटून राहिली. माझी कीर्ती संपली होती. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या खोट्या शाबासकीने जितकं वाटलं होतं, तितकं नाही. एका सकाळी शिवदास आला. त्याने कापड काढलं, फडकं ओलं केलं आणि माझी काच पुसली. काडी नखाने सोडवली.

"तुजा दोष न्हाय," तो म्हणाला. "तुला म्हायीत नव्हतं. मलाच म्हायीत असाया पायजे हुतं."

त्याच आठवड्यात शेठनी कोणाला काही न सांगता माझा आवाज पुन्हा मोठा केला. आता मी पीं पीं केलं की ते तोंड वाकडं करतात, पण रस्त्याकडे बघतात. तेवढं पुरे आहे.

आता माझ्याहून हुशार कॅमेरे आलेत म्हणे, माझ्याहून जास्त चित्रं बघितलेले. असोत बापडे. पण मित्रांनो, तुमच्या गावात, तुमच्या सणात, तुमच्या अंगावर काय काय असतं ते सगळं कोण कुणाला दाखवणार? म्हणून एवढं ऐका. आमची काच पुसा, आमचा आवाज बंद करू नका, आमची मदत जरूर घ्या. पण रस्ता ओलांडताना गाडी कितीही भारी असली तरी गाडीच्या भरवशावर पाऊल टाकू नका. आत बसलेल्या माणसाकडे बघा. त्याचं लक्ष तुमच्याकडे असेल तरच पुढे या, नसेल तर कडेला थांबा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

परवाच्या शिमग्यात त्याच वळणावर पुन्हा दोर होता. या वेळी केसरने दोराला लाल फडकी बांधली होती. भाभी गाडी चालवत होती, तिचा पाय ब्रेकवर होता आणि शेठही रस्त्याकडे बघत होते. गाडी हळू झाली, थांबली. पेंढ्याचं अस्वल कडेलाच उभं होतं. ते जागचं हललं नाही. त्याने दोन भोकांतून आत पाहिलं, माझ्या खालून, काचेतून, थेट भाभीच्या डोळ्यांत. भाभीने मान हलवली. तेव्हा कुठे ते पुढे आलं आणि नाचायला लागलं.

माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!